मधलं नाव

ओझरच्या विमान कारखान्यात माझं काम एवढंच:
रशियनचं मराठी करायचं, मराठीचं रशियन,
आणि दोन्हीकडच्या शिव्या गाळायच्या.
येवगेनी ग्लेबोविच वेर्शकोव. विभाग: पंख.
म्हटलं, तुमच्यातही बापाचं नाव मधे?
मग मी कुमुद विश्राम पगारे.
त्याने वहीत लिहून घेतलं, कुमुद विश्रामोव्ना,
आणि बदली होईपर्यंत तशीच हाक मारली.

ग्लेब कोण, ते बुधवारच्या बाजारात कळलं.
गंगेवर तो वांगी निवडत होता, एकेक उजेडात धरून.
म्हणाला, बाप असाच रिळं बघायचा.

सारातोवच्या शिंप्याचा पोरगा.
पहिली भूमिका: तिसऱ्या अंकात मेणबत्ती आणणे.
बारा वर्षं मेणबत्ती, तबक, तलवार, पत्र.
मग राज्य पालटलं, रंगमंचाला शिड्या लागल्या,
ग्लेब नटांना शिडीवरून बोलायला लावू लागला.
एकाचा पाय मोडला. खेळ थांबवला नाही.
मग सिनेमा. सहा केले, चारांत स्वतः होता,
उरला एक, त्याचीही दोनच रिळं.
बाकीच्यांतली चांदी काढून घेतली म्हणे,
राहिलेल्याचे कंगवे.

मग पडदा बोलायला लागला.
विषमज्वराने ग्लेबचा घसा आधीच गेलेला,
आवाज फाटक्या ताडपत्रीसारखा.
एका सकाळी त्याला मायक्रोफोनसमोर उभं केलं,
'आज हवा बरी आहे' एवढंच म्हणायला सांगितलं.
तो म्हणाला. दोनदा.
दुपारी हातात कागद.
शेवटची नोकरी तालुक्याच्या नाटकगृहात, प्रॉम्प्टरची.
म्हणजे आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जाता कामा नये.

घरी येऊन दादांना सांगितलं.
ते सिन्नरच्या शेठजींच्या विड्या वळत होते.
ऐकताना एकाच विडीला दोनदा दोरा बांधला.
मी जन्मायच्या आधी
तंबूतल्या सिनेमात पडद्याखाली तबला वाजवायचे ते,
पाच आणे रोज, चहा वेगळा.
यंत्राला कंठ फुटला आणि तबल्याची वादी
बकरीच्या गळ्यात गेली,
असं आई सांगायची. दादा कधीच नाही.

वसाहतीच्या क्लबात रिळाचा डबा उघडला
तर कापराचा वास, आरती नुकतीच झाल्यासारखा.
मी पाट्या मराठीत वाचायला कोपऱ्यात उभी.
पहिलीच पाटी फाटलेली, त्यामुळे सिनेमाला नाव नाही.
पडद्यावर ग्लेब. नावाडी. नदी गोठलेली.
तो नाव बर्फावरून ओढत चाललाय
आणि उतारू आत बसलेत, छत्र्या उघडून, भाडं दिलंय म्हणून.
पोरं हसली. अकाउंट्सचे कुलथे खोकले.
शांतता अशी की यंत्राची घरघरही चोरटी वाटावी.

मग अंधारात कुणी डब्याच्या झाकणावर बोटं टेकवली.
स्टीलचा डबा, पोळी-भाजीचा. विडीने वाकडी झालेली बोटं.
आधी चुकली, अडखळली,
मग नावेच्या दोराला लागली ती लागलीच.
ग्लेब खाली बसला तिथे बरोबर सम.
पुढच्या तीन पाट्या मी वाचल्याच नाहीत.
कुणी विचारलंही नाही.

दुसरं रीळ लागलंच नाही. चिकटून वडी झाली होती.

येवगेनीने विचारलं, यांनी हा सिनेमा पाहिलाय?
नाही.
मग तो कुठे बसणार, ते कसं कळलं?
दादा म्हणाले, बसायच्या आधी खांदा सांगतो ना.
आणि मग: गडी लयीत कच्चा नव्हता.
हे मी त्याला नीट सांगितलं.
सम मात्र सांगता येईना. शेवटी म्हटलं,
जिथे परत यायचं असतं, ती जागा.
तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
चष्मा स्वच्छ होता.

सोमवारी चाचणीचं विमान गेलं.
त्याचा वेग आवाजाच्या पुढचा. कॅन्टीनच्या काचा
ते दिसेनासं झाल्यावर हादरल्या.
सगळ्यांनी माना वर केल्या, आवाज होता तिकडे.
दादा डबा घ्यायला फाटकाशी आले होते.
ते पुढे बघत होते,
जिथे काहीच ऐकू येत नव्हतं.